हँडलची मान

वाटलं होतं, पाय दुखतील.
पायांची काही तक्रारच नव्हती.
दुखले ते हात.
आधी मनगटं, मग कोपरांची आतली बाजू,
मग मानेपासून खाली
कुणी ओला दोर ओढावा तशी कळ.
आणि करंगळी तर संध्याकाळपर्यंत माझी नसायचीच;
सुईत दोरा ओवताना बाजूला उभी राहायची
आगंतुक पाहुणीसारखी.

सव्वीस वर्षं शिलाई मशीनवर चालले हे हात,
कधी कुरकुरले नाहीत.

अस्माराच्या माणसाला सायकल जन्मतःच येते म्हणतात.
मला चव्वेचाळिसाव्या वर्षी आली,
तीही बसचा भरवसा उरला नाही म्हणून,
आणि किफ्लोमची सायकल तीन वर्षं दाराआड
भिंतीकडे तोंड करून उभी होती म्हणून.

अब्रेहेतने तूप कोमट करून चोळलं.
तिच्या सासूने मिठाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायला लावले,
कॉफीचे तिन्ही घोट होईपर्यंत.
बेलेस विकणारा म्हातारा, फळांचे काटे झटकत, म्हणाला,
बाई, हँडल म्हणजे बकरीची शिंगं नव्हेत,
पळून नाही जायची ती. जरा सोड.
सोडलं.
तर पुढचं चाक थेट त्याच्या टोपलीत.

शेवटी मेदेबेरला गेले,
जिथे पत्र्याच्या पिंपांच्या चुली होतात
आणि दिवसभर कुणाला कुणाचं ऐकू येत नाही.
ओक्बाझगीने मला सायकलवर बसवलं, भिंतीला हात टेकून,
आणि सीटपासून हँडलपर्यंत विती मोजल्या.
मी अख्ख्या गल्लीची मापं घेते;
माझं माप कुणी घेतलं
त्याला किती दिवस झाले, आठवेना.

ही तुझी नाही, तो म्हणाला.
ज्याची आहे त्याचे हात लांब.
तू रोज सकाळी त्याच्या हातांपर्यंत पोचायला बघतेस,
चार बोटं कमी पडतात.
दुखणार नाही तर काय?
हँडलची मान बदलतो, आखूड घालतो.

नको, मी म्हटलं.
तो आला की त्याला लागेल.

ओक्बाझगी काही बोलला नाही.
चेन पुसली, पैसे घेतले नाहीत.

आणखी अठरा दिवस तशीच चालवली.
हात भरून यायचे.
दुसरं काही भरून येऊ नये म्हणून
मी तेवढ्यावर भागवलं.

मग रविवारी त्याचा फोन आला,
मागे वारा, कुठल्याशा भाषेतलं कुणाचं ओरडणं.
तिकडे तोही सायकलवरच असतो,
लोकांची जेवणं पोचवतो, तिसऱ्या मजल्यावर, चौथ्या.
म्हणाला, इथली मला लहान पडते,
पाठ धरते रात्री.
मोठी घे की, मी म्हटलं.
मालकाची आहे, तो म्हणाला.
मग बराच वेळ नुसता वारा.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच
मी ओक्बाझगीच्या दारात.
पाना लावला, जुना स्क्रू किंचाळला, सुटला.
आखूड मान बसली.
महिनाभर ज्या दोन काठ्या होत्या
त्यांची पुन्हा कोपरं झाली.
निलगिरीच्या उतारावर
मी पहिल्यांदा रस्त्याऐवजी आजूबाजूला पाहिलं:
कुणीतरी शेळी धूत होतं,
एका गच्चीवर माझ्याच हातचा झगा वाळत होता,
शिवण उसवलेली.

काढलेली मान त्याने न मागता कागदात गुंडाळून दिली.
बटणांच्या डब्यात ठेवलीय.
कात्रीइतकी जड.

करंगळी अजून कधीमधी बधिर होते,
फार वेळ फोन धरला की.
परवा त्याने विचारलं, सायकल कशी आहे माझी?
चेनला तेल देतेस ना?
देते, म्हटलं.
चालते.