डाव्या पायाची बाजू

राजारामपुरी, नववी गल्ली, तळघर.
वर भांड्यांचं दुकान,
म्हणून रेकॉर्डिंग दुपारी दोन ते चार,
दुकानदार झोपतो तेवढंच.

इरफाननं ड्रमवर चादर टाकली,
सुजितनं तार पिळली आणि म्हणाला, बोल.
मी काय बोलणार. चपला काढल्या.
ह्या ऑर्गनचा खर्ज पायांत असतो
आणि पायांत काही असलं
की मला घरचं आठवत नाही.

केरबातात्या नाटक कंपनीत ऑर्गनवर होते,
बावीस वर्षं, रंगमंचापुढच्या खड्ड्यात,
प्रेक्षकांकडे पाठ.
चौसष्ट साली कंपनी बसली.
मालकानं अकरा महिन्यांच्या पगारापोटी ऑर्गनच दिला.
बैलगाडीतून दारात उतरला तेव्हा काकी म्हणाली,
ह्याच्यावर काय दळायचं?
मग तात्या फुलेवाडीच्या जकात नाक्यावर लागले.
पावती फाडताना टेबलाखाली
त्यांचे दोन्ही पाय हलत असायचे.
हे मला वडिलांनी सांगितलं,
वडिलांना एका ट्रक ड्रायव्हरनं.

पहिला तुकडा त्यांचा. नाव नुसतं ‘पावती’.
इरफान ठेका किंचित मागं ओढतो,
उसाची गाडी चढाला लागावी तसा.

हौसात्याचा तुकडा मात्र बसेना.
ती महाद्वार रोडच्या दुकानांसाठी परकर शिवायची,
डझनावर हिशेब, पायमशीन.
डाव्या पायानं तिची लय धरायला गेले
तर ती सरळ नव्हतीच कधी:
शिवण वळली की पाय रेंगाळतो,
दोरा तुटला की थांबतो,
आणि पुन्हा सुरू होताना एक शिवी.
शिवी कुठल्या सुरात लावायची?
तीन दिवस गेले त्यात.
शेवटी काळी दोन.
सुजितला हसू आलं, त्याचा हात चुकला.
चूक ठेवली.

वडिलांच्या नावाचा तुकडा नाही.
फिरत्या स्पीकरची मोटर त्यांनी भरून दिली होती,
उद्यमनगरच्या शेडमध्ये, शेवटच्या दिवाळीत.
थोडी थरथरती, म्हणाले. राहू दे.
म्हणजे आठही तुकड्यांत, प्रत्येक सुराच्या कडेला,
ते आहेतच.

काल हौसात्याला ऐकायला आणलं.
जिना उतरताना प्रत्येक पायरीला नाव ठेवलं.
तात्यांचा तुकडा लावला. डोळे मिटून बसली.
संपल्यावर म्हणाली,
ह्यात गाणारा कुटं हाय?
म्हटलं, आत्या, ह्यात कुणी गात नाही.
मग त्यो वाट कुणाची बघालाय?

इरफाननं माझ्याकडं बघितलं. परत लावलं.
खरंच,
प्रत्येक ओळीच्या शेवटी माझा उजवा हात उचलला जातो,
दार धरून उभं राहावं तसा,
एका श्वासापुरता.
ही जागा मी परदेशी रेकॉर्डींतून उचलली असं धरून चालले होते,
लक्ष्मीपुरीत भंगारवाल्याकडं मिळालेल्या,
पोपडे उडालेल्या.
पण तिकडचे ते वादकही
आधी चर्चच्या कोपऱ्यातच बसलेले असणार,
बाकावरून कुणीतरी उठेल
आणि गाईल म्हणून.
आणि इथं तात्या,
नटाला आलापानंतर धाप लागायची
तेवढा वेळ नाटक हातावर तोलून धरणारे.

मी काही बोलले नाही.
सुजितनं विचारलं, मिक्सिंगमध्ये ती जागा भरू का?
काहीतरी बारीक, व्हायोलिन वगैरे?
आत्याच म्हणाली, गप बस रे पोरा.

मग ती उठली, बाकावर माझ्या शेजारी टेकली,
लुगडं घोट्यावर घेतलं
आणि भेगाळलेलं पाऊल खर्जाच्या पट्टीवर ठेवलं.
तळघर हललं.
रॅकवरची चहाची कपबशी वाजायला लागली.
जड हाय, म्हणाली.

चार वाजले.
वर शटर उघडलं, ते टेपवर आलंय.
तिनं पाय काढला नव्हता.