बहात्तरावी खुर्ची

एप्रिलचा दुसरा शनिवार.
बंबखान्याच्या जुन्या शेडमध्ये मी खुर्च्या मांडते आहे:
त्रेसष्ट नगरपालिकेच्या, सात शाळेच्या उसन्या,
आणि एक केस कापणाऱ्या एंडेलची,
पायानं दाबलं की वर जाणारी.
ती मागे ठेवते. तिच्यावरून मुलं भांडतात.
कवितेच्या कार्यक्रमात तेवढंच भांडण बरं.

भिंतीवरच्या खुंट्यांना पूर्वी जवानांची हेल्मेटं असायची,
आता ओले कोट.
दाराबाहेर नदी. एमायोगी, म्हणजे आईनदी.
यंदा आई उठायचं नाव घेत नाही,
पांढरी चादर डोक्यावरून ओढून पडली आहे.

आमच्याकडे हिवाळा म्हणजे
पाच महिने तीच माणसं, तेच बीट,
दुपारी साडेतीनला लावलेले दिवे.
फेब्रुवारीतच बोलण्यासारखं सगळं बोलून होतं.
मग एप्रिलात लोक ऐकायला बाहेर पडतात
दावं सोडलेल्या वासरांसारखे.
काय ऐकायचं ते नंतर बघू.
मंगळवारी मातीकाम, गुरुवारी लाकडी ठशांचं प्रदर्शन,
काल तार्तूहून आलेल्या एकानं करवत वाजवून दाखवली.
आम्ही करवतीलाही उभं राहून टाळ्या दिल्या.

हेल्वे सगळ्यांच्या आधी येते.
चाळीस वर्षं तिनं टपाल वाटलं,
दुसऱ्यांची पत्रं, न फोडता.
आता तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची तिची.
कार्यक्रमपत्रिका दोन घेते:
एक वाचायला,
एक चुरगाळून ओल्या बुटांत कोंबायला.
"कवितेचा कागद पाणी छान शोषतो," म्हणते,
"नाटकवाल्यांचा फार गुळगुळीत."

आजची पाहुणी मेरिके. पहिलंच पुस्तक.
हातातली पानं हलतात, जणू खोलीत वारा आहे.
बर्चच्या रसाचा एक घोट घेते,
पाण्याहून जेमतेम गोड,
आणि वडिलांच्या हातमोज्यांवरची कविता सुरू करते.

तिसऱ्या कडव्यात
कडाड.
मला वाटलं, खुर्ची मोडली.
माझं लक्ष आधी तिथंच जातं.
मग दुसरा आवाज, लांब, जमिनीखालून आल्यासारखा,
आणि एंडेलच्या खुर्चीवरून कुणी पोर किंचाळलं,
"फुटला! बर्फ फुटला!"

सगळं सभागृह उठलं.
उद्धटपणा नव्हता हो तो.
घरात कुणी बरेच दिवस आजारी असावं
आणि आतल्या खोलीतून त्यानं चहा मागावा,
तसं झालं.
क्षणात शेड रिकामी, कोट खुंटीलाच,
मेरिके अर्ध्या ओळीवर.

हेल्वे मात्र बसून.
बूट काढलेले, पायात नुसते लोकरी मोजे.
"ओळ पुरी कर," ती म्हणाली.
"नदी कुठे जाते आहे?"
जरा थांबून:
"म्हणजे, जाते आहेच. पण तू वाच."

आणि मेरिकेनं वाचलं,
एका म्हातारीसाठी आणि खुर्च्या मांडणाऱ्या बाईसाठी,
मघापेक्षा हळू. पानं हलायची थांबली होती.
शेवटी वडिलांचे हातमोजे कुणाला दिले
ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक आहे.

मग हेल्वेनं बुटांतून कागद उपसला.
भिजून त्यावरची नावं एकमेकांत उतरली होती.
आम्ही तिघी काठावर गेलो.

बर्फाचे तुकडे चालले होते,
एकमेकांना खांद्यानं ढकलत, कुरकुरत.
एकावर मासे धरणाऱ्या कुणाचं विसरलेलं स्टूल,
तोंड आमच्याकडे, सरळ उभं,
कुणी येऊन बसेल अशा तयारीत.
मी सवयीनं मोजलं: बहात्तर.

शेडमध्ये परत कुणीच आलं नाही.
कॉफी गार झाली. मी खुर्च्या मिटल्या,
शाळेच्या सात वेगळ्या काढल्या.
टेबलावरच्या गठ्ठ्यातून मेरिकेची पुस्तकं खपली
दोनच.
दोन्ही हेल्वेनं घेतली.
दोन कशाला, ते मी विचारलं नाही.