पाणी तेवढंच

मान कधी धरली, पालथा कधी पडला,
आधाराशिवाय कधी बसला –
फॉर्मवरचे प्रश्न एकाखाली एक, जिन्यासारखे.
शर्विल चित्रे, वय सहा वर्षं आठ महिने.
आई भराभर सांगते, बाबा छताकडे बघून आठवतात.
पहिला शब्द?
'नको,' आई म्हणते
आणि हसू आवरत नाही तिला.

घरी अखंड बडबड.
शाळेच्या फाटकाशी कुलूप. दोन वर्षं झाली.
बाईंनी डायरीत लिहिलंय, बहु डाह्यो छोकरो.
डाह्यो म्हणजे आपल्याकडचा शहाणा,
पण आपण शहाणा म्हणतो तेव्हा
शब्दाच्या टोकाला थोडी मिरची असते.
बाईंनी अगदी मनापासून लिहिलंय.
साठ मुलांच्या वर्गात एक बाक गप्प असला
तर कुणाला नको असतो?

माझं चुकलं ते दुसऱ्या गुरुवारी.
आईने मोबाइलवर पकडून आणला होता त्याचा आवाज,
चाळीस सेकंद. कुकरला रागावत होता तो,
'तीन झाल्या ना? मग गप की आता!'
मी ऐकलं. त्याच्यासमोर. वर म्हणाले, किती छान बोलतोस.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी त्यांच्या न्हाणीघराचं दार
न विचारता ढकललं होतं.
पुढचे तीन गुरुवार ते आले नाहीत.
दांडिया बाजारातून जाताना
बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर मी स्कूटर हळू करायचे.
थांबत नसे.

पुस्तकात या गप्प राहण्याला दोन शब्दांचं नाव आहे.
कुठल्या वयात मुलाला काय कळावं, तेही आहे,
पायऱ्या आखलेल्या, कठडा रंगवलेला.
त्याच जिन्यावरून मी परीक्षा पास झाले.
लहानपणी पाहुणे आले की मी कपाटामागे जायचे.
तेव्हा त्याला लाजणं म्हणत
आणि तिथेच चिवड्याची वाटी आणून देत.

मग एकदाचे आले. मी दोन पेले ठेवले,
एक बसका, एक उंच सडपातळ.
बसक्यातलं पाणी उंचात ओतलं.
आता जास्त झालं, कमी झालं, की तेवढंच?
पंखा कुरकुरला.
बाहेर कुणी केसपेपरचे नंबर पुकारत होतं.
त्याने उंच पेला दोन्ही हातांनी उचलला
आणि पाणी परत बसक्यात ओतलं,
जीभ दातांत धरून, थेंब न सांडता.
मग रिकामा पेला माझ्याकडे सरकवला,
तुमचं झालं असेल तर घ्या, अशा बेताने.

कागदावर शेवटचा रकाना होता:
कारण सांगतो / सांगत नाही.
मी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
तो रकाना अजून तसाच आहे.

त्याच आठवड्यात विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी झाली.
मगर वर आली होती, गाळावर, जबडा उघडा टाकून.
पोरं खडे मारत होती, हलावी म्हणून.
'झोपलीये,' कुणी म्हणालं. 'मेलीये,' दुसरं.
शर्विल स्कूटरवर पुढे उभा होता.
मागे वळून त्याने बाबांच्या कानाला तोंड लावलं.
(हे सांगताना बाबांनी कान धरला होता,
शब्द अजून आत असल्यासारखा.)
'झोपली नाही ती. तिला उकडतंय.
म्हणून तोंड उघडं ठेवलंय.'

पुलावर? एवढ्या लोकांत?
'पुलावरच,' बाबा म्हणाले,
'का, काही वांधो नाही ना?'

पुढच्या गुरुवारी मी खिडकी उघडली,
पंखा एक घर वाढवला,
पेले धुऊन पालथे घातले.
विचारलं काही नाही.