शेकडा

हळदीला ओळ आहे, गुळाला आहे,
भुईमुगाच्या शेंगेला आहे.
कराडच्या मार्केट यार्डातला खडूचा फळा
मी वरून खाली वाचला, मग खालून वर.
पळसाच्या पानाला ओळ नाही.

बाबू म्हणाला, बाई, हा शेतमाल नव्हे.
गार्ड म्हणतो, वनउपज आहे, पास दाखवा.
कंडक्टर म्हणतो, लगेज;
मला अर्धं तिकीट फाडतो,
भाऱ्याला पूर्ण.

दिलावर तांबोळी मात्र पान ओळखतो.
त्याच्या आज्यानं मिरजेकडच्या मळ्यांतलं विड्याचं पान विकलं,
कळी कुठली, फापडा कुठला,
बोटांनीच सांगायचा, न बघता.
त्या पानाला कवळी आहे, डाग आहे, मोजायला शब्द आहेत.
आमच्या पानाला मूठ. तीही ज्याची त्याची.
दिलावर पत्रावळ उजेडात धरतो,
एक चोय उपसून बघतो, म्हणतो, "सुकलंय."
मी गप्प. सुकलेलंच असतं.

कारण चैत-वैशाखात लग्नं उभी राहतात
तेव्हा पळस नुकता फुलून मोकळा झालेला,
पान लहान पोराच्या तळव्याएवढं,
टाचायला जावं तर फाटतं.
आषाढात तेच होतं सुपासारखं
आणि मुहूर्त संपलेले.
भांडायचं कुणाशी,
पंचांगाशी का झाडाशी?
म्हणून पानं चुलीवरच्या माळ्यावर जातात.
धूर लागला की बुरशी धरत नाही,
हे ठकूबाई येडगेनं तिच्या सासूकडून घेतलेलं.

महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्याचा फोन आला:
सगळ्या बारा इंची हव्यात, एकसारख्या,
आणि धुराचा वास नको.
ठकूबाई म्हणाली, "झाडाला सांगून बघतो."
नंतर त्यानं फोटो पाठवला,
आमच्याच पत्रावळीवर एक भाकरी, चिमूटभर ठेचा,
एका ताटाचे पैसे
आमच्या दोन शेकड्यांएवढे.
मोबाइल हातोहात फिरला.
सोना झोरे म्हणाली, भाकरी करपलीय.

त्या रात्री मी गटाची वही घेऊन बसले.
दोन डोंगर जाणं, दोन येणं.
तोडणं, धुणं, चोया तासणं,
एका पत्रावळीला आठ पानं, एकवीस टाके.
खाली आकडा आला तो मोठ्यानं वाचला.
बायका आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
ठकूबाई म्हणाली, "एवढं मागितलंस
तर माणसं कागदाच्या ताटात जेवतील."
मग खोडायला बसले.
आधी चालणं वजा केलं.
मग धुणं.
मग पाठ.
उरलं ते दिलावरच्या भावाएवढंच,
वर आठ आणे, एसटीचे.

परवा रात्री कुत्री भुंकली.
ढेबेवाडीकडून मोटारसायकल आली,
डोकं नुकतं भादरलेलं, खांद्यावर पंचा.
"दोन शेकडा हव्यात. उद्या दहावा."
भाव विचारला नाही.
आकार बघितला नाही, वास घेतला नाही,
पाकीट उघडून तसाच उभा.
एवढ्या वर्षांत पहिलं गिऱ्हाईक
ज्याला आमचा आकडा सांगता आला असता,
पुरा, चालण्यासकट.
जिभेवर आलाही होता.
ठकूबाई चुलीतल्या राखेकडं बघत होती.
मी म्हणाले, "द्या काय द्यायचं ते."

त्यानं न मोजता दिले.
भारा बांधताना सोनानं वरच्या चार बदलल्या,
फाटक्या काढल्या, मोठ्या घातल्या.
लाल दिवा घाटात वळेपर्यंत कुणी बोललं नाही.
मग मोजले.
खोडलेल्या आकड्यापेक्षाही वीस जास्त.

ते वीस वहीच्या मधल्या पानात आहेत अजून.
कुठल्या ओळीत लिहायचे
ते ठरलेलं नाही.