गुडघाभर मीठ

किल्ली माझ्याकडे असते. कुलूप नुसतं दाखवायला,
दार खांद्याने ढकललं की उघडतं.
बूट राहू द्या पायात, फक्त मान वर करून छत बघा:
उलटी होडीच ती.
ज्यांनी बांधलं त्यांना दुसरं काही बांधता येत नव्हतं.

बांधलं ते इथे नाही. खाडीपलीकडे,
नऊ मैलांवर, लॉस्ट किलिकच्या खडकाळ बेचक्यात,
जिथे बटाट्यापुरती मातीसुद्धा
बायकांनी टोपल्यांतून वाहून आणलेली.
फुटलेल्या एका जहाजाचं लाकूड, त्याचीच घंटा,
आणि वर्षातून एक दिवस प्रत्येक होडीतला
सगळ्यात मोठा कॉड देवाच्या नावाचा.
ओबेड कीपिंग मधल्या अंगाचा द्यायचा.
देवाकडेही काटा असतो, बरं, त्याची बायको म्हणायची.

पाळक यायचा वर्षातून दोनदा, वारा असेल तर.
मग एकाच दुपारी
लग्न, त्याच जोडप्याच्या बाळाचा बाप्तिस्मा,
आणि मार्चमध्ये पुरलेल्या म्हाताऱ्यासाठी
जूनमधली प्रार्थना.
कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.
धुकं उतरलं की घंटा बडवायची पाळी पोरांची.
उपदेशांपेक्षा त्या टोल्यांनी जास्त माणसं घरी आणली,
असं माझी आत्या म्हणायची, डॉर्कस पार्डी.
तिचा नवरा मात्र टोल्यांना आला नाही.

मग सरकारचा कागद आला.
उठा. तिकडे रस्ता आहे, डॉक्टर आहे, वीज आहे.
शंभरातल्या नव्वदांनी सह्या केल्या तरच सगळ्यांना पैसे.
एकोणीस घरं. सतरा सह्या दोन रात्रींत झाल्या.
अठरावी अडली आत्याच्या टेबलावर,
अख्खा हिवाळा, मिठाच्या बरणीखाली.
शेजारणींनी बोलणं टाकलं.
एप्रिलमध्ये तिने सही केली, एका अटीवर:
मी होडीत बसणार नाही.
जिथे बसते तिथेच बसेन.

म्हणजे तिसरा बाक, खिडकीकडचा.

ऑगस्टात प्रार्थनाघराखाली तेलाची रिकामी पिंपं बांधली.
भरतीने ते उचललं, पुढे अकरा होड्या,
आणि आत डॉर्कस पार्डी, टोपी घालून, रविवारसारखी.
मी सात वर्षांचा, बापाच्या होडीत, मागे तोंड करून.
अर्ध्या खाडीत डावीकडची पिंपं सुटली.
घंटा आपोआप वाजायला लागली.
बाप कुऱ्हाड घेऊन दोरापाशी उभा राहिला.
घाव घातला नाही.
का, ते त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही.

या किनाऱ्यावर दार उघडलं तेव्हा
ती गुडघाभर पाण्यात, स्तोत्रांचं पुस्तक डोक्यावर धरून.
"पोहोचलो की बुडालो?" तिने विचारलं,
"नाही, मला दोन्ही चालेल."

आता आम्ही सात जण. हिवाळ्यात पाच.
मासे संपले. ज्या पिंपांनी आम्हाला तरंगवलं
ती भरायला पोरं अल्बर्टाला गेली.
कबरी तिकडेच आहेत. जुलैत एकदा जातो,
गवत कापतो, डबा खातो, धुक्याआधी परततो.

आणि ही रेघ बघा, भिंतीवर.
तीनदा रंग दिला मी.
ऑगस्टच्या दमट हवेत मीठ पुन्हा बाहेर येतं,
बरोब्बर आत्याच्या गुडघ्याइतकं.
आता पुसत नाही.
रंग संपलाय म्हणतो, कुणी विचारलं तर.