उसनं

वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या थप्पीला टेकून
आमचा मंडप.
दोन खाटा, एक फिरता पंखा, केळ्यांचा घड,
आणि माझ्या टेबलावर निळी बाटली,
मोरचुदाचं पाणी.

थेंब बुडाला की पास.
तरंगला की नापास.
बुडणाऱ्याला शाबासकी मिळावी
अशी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

रांगेत हमाल, तोलारी, अडत्याचा पोरगा,
सगळ्यांचे थेंब गोट्यांसारखे तळाला.
त्यांच्यामागं एकटी ती.
अनुसया खिल्लारे, वय एकतीस,
वजन सेहेचाळीस,
हळद निवडायला रोजानं.

पापणी खाली ओढली. आतून फिकी.
नखं बघायला गेले तर पिवळी,
मनगटापर्यंत पिवळी;
आजार कुठला आणि रोजगार कुठला
कळेना.

बोट पुसलं, कापूस पिवळा.
परत पुसलं, परत पिवळा.
सुई टोचली, लाल थेंब उभा राहिला,
तर म्हणाली,
"बघा, बोलावल्याबिगर हळदीकुंकू."

थेंब सोडला.
बोटभर खाली गेला,
काहीतरी विसरल्यागत थबकला
आणि परत वर.

"आला वर!" ती खूश.
मला सांगावं लागलं.
साडेबारा लागतं ताई, हिमोग्लोबिन.
तुमचं रक्त हलकं आहे.

हलकं.
शब्द गेला, मग माझ्या ध्यानात आलं.
तिनं नीट पाहिलं माझ्याकडं.
"हलकं म्हंजे?
मागल्या साली नांदेडात माझ्या नणंदेला
दोन बाटल्या चढल्या, बाळंतपणात.
कुनाचं रगत, कुठल्या आळीचं,
कुनी इचारलं नाय.
तवा कुठं गेलतं हलकं-भारी?"

तसं नाही हो, म्हणाले,
लोह कमी पडतंय. लोखंड.
"लोखंड," ती म्हणाली,
आणि काखेतल्या घमेल्यावर टिचकी मारली.
"दिसभर डोक्यावर तेच तर हाय."

मग उभ्या उभ्या हिशोब मांडला.
पीठ उसनं आणलं तर वाटी शिगेला लावून परत करावी,
आईनं शिकवलेलं.
दोन बाटल्या घरात आल्या.
एक तरी परत जाऊ नये?

मी गोळ्या दिल्या, लाल.
जेवल्यावर लगेच चहा नको, लिंबू पिळा, शेवग्याचा पाला खा.
शी काळी होईल, पोट धरून येईल,
घाबरून सोडू नका, सगळ्या सोडतात.
पाळी जास्त जाते का?
तिनं हमालांच्या रांगेकडं पाहिलं
आणि पदराआडून बोटं दाखवली.
नऊ.

केळी मोजून होती, रक्त देणाऱ्यांपुरती.
माझं तिला देऊ लागले.
"नको मॅडम. आनखी उसनं नको."

रजिस्टरात लिहिलं: तात्पुरती अपात्र.
"वाचून दावा."
वाचलं.
"तात्पुरती म्हंजे किती दिस?"
तीन महिने.
"मग तात्पुरती मोठं लिवा.
फुडचं बारीक."

पोळ्याच्या आधी पुन्हा मोंढा, पुन्हा निळी बाटली.
हळद सरलेली, सोयाबीन अजून शेतात,
तिचं बोट या वेळी स्वच्छ.
पदराच्या गाठीतून रिकाम्या पट्ट्या काढून
तिनं टेबलावर मांडल्या,
पावत्या मांडाव्यात तशा.

थेंब गेला खाली.
अर्ध्याच्याही खाली.
आम्ही दोघी वाकलो,
माझं घड्याळ, तिचा कोंडलेला श्वास.
थांबला.
मग आला वर.

मी पेन उचललं.
"मागल्यापरीस दमानं आला पन,"
ती म्हणाली,
"लिवा तसं."