मोजदाद

महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री
मी तासगावचे काळे बेदाणे भिजत घालते.
पहाटे उकळते, कुस्करते, मलमलीतून गाळते.
एकोणीस वर्षं हे काम माझ्याकडे.
पेले काचेचे, अंगठ्याएवढे,
आधीच्या पाळकसाहेबांनी मिरजेहून आणलेले.
फुटून फुटून एकशे सहा उरलेत.
माणसं येतात सत्तर-पंच्याहत्तर,
उसाच्या हंगामात त्याहून कमी.

नाथान गेला तो हंगामातच.
गोकुळ शिरगावची सेकंड शिफ्ट सुटलेली,
उचगावच्या अलीकडे अंधारात उभी ट्रॉली,
वर ऊस, मागं लाल कागदाचा तुकडासुद्धा नाही.
ट्रॅक्टरवाला रस्त्यापलीकडं चहा पीत होता.
चहा.
रात्री साडेबाराला.

कोर्टात तारखा पडल्या, मग पडायच्या थांबल्या.
आणि एका रविवारी याकोब तिवडे
शेवटच्या बाकावर येऊन बसला,
चपलांच्या रॅकशेजारी, भिंतीला खांदा लावून.
कुणी उठवलं नाही.
देवाच्या घरातून कुणाला कसं उठवणार?

पण पेले माझ्या हातात होते.
उपदेश चालू असताना मागच्या खोलीच्या दारातून
मी डोकी मोजायची,
आणि एक सोडून भरायची.
सायमनकाकांचं तबक फिरत फिरत
शेवटच्या बाकाशी रिकामं व्हायचं.
"राहू दे काका," तो म्हणायचा.
काकांना वाटायचं, बाई म्हातारी झाली, मोजताना चुकते.
प्रार्थनेत 'ऋण' आलं की मी ओठ मिटायची,
तेवढा एक शब्द
मलमलीत अडकलेल्या सालीसारखा मागं ठेवून
बाकीच्यांबरोबर आमेनला पोचायची.

चौदा महिने.

मग काकांचा गुडघा धरला
आणि तबक माझ्याकडं आलं.
एकेक बाक, एकेक हात,
मार्थाबाईंचा थरथरता, शेलारांच्या पोराचा शाईचा,
आणि मी रिकामं तबक घेऊन त्याच्यासमोर उभी.
त्यानं हात पुढं केलाच नव्हता.
खाली बघत, हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाला,
"एक कमी पडतोय, म्हाईत हाय मला.
तुमचा हिशेब बराबर हाय, ताई."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं.
दर महिन्याला वीस किलोमीटर सायकल मारत तो
माझ्या हातून कोरडा जायला येत होता,
आणि त्याला ते न्यायाचं वाटत होतं.

मी खोलीत परतले.
फळीवर तीसेक पेले पालथे, कोरडे, स्वच्छ.
पातेल्याच्या बुडाशी गाळ आणि थोडा रस.
क्षमा केली म्हणावी, तर तसं काही आत हललं नाही.
तो चहा अजून माझ्याच घशात होता.
फक्त एवढं दिसलं, की प्रभूचं मेज
मी माझ्या नावावर करून घेतलंय,
सात-बारा काढावा तसं.

एक पेला भरला. अर्धा हातावर सांडला.
गीताचं शेवटचं कडवं चालू होतं.
त्याच्यापाशी गेले, आणि जे म्हणायचं ठरवलं होतं
ते आलंच नाही. आलं ते हे:
"मला माफ करा."

त्यानं उजव्या तळव्याखाली डावा धरला,
गावाकडं देवळात तीर्थ घेतात तसा.
आजोळची सवय असावी.
मी पेला त्या ओंजळीत ठेवला.
त्याच्या तोंडाला लागला की नाही, मी पाहिलं नाही.

दुपारी पेले धुताना एकावर ग्रीसचा अंगठा होता.
राखेनं घासला. पुन्हा घासला.

नाथानची दुचाकी अजून मागच्या पडवीत आहे.
हंगाम लागला की मी उचगावच्या वाटेनं जात नाही.
'ऋण' म्हणते आता, पण आवाज बसतो.
डोकी मात्र मोजत नाही,
सगळे एकशे सहा भरते.
उरलेले संडेस्कूलची पोरं मागच्या दारी
गटागटा पिऊन टाकतात, जांभळ्या ओठांनी हसतात.
सायमनकाका कुरकुरतात,
"बेदाणे काय भावानं झालेत, ठाऊक आहे का?"
ठाऊक आहे काका.
भरू द्या.